अक्का, तुमच्या दारातली बादली

अक्का, तुम्ही गेलात त्याला चार दिवस झाले होते. सकाळच्या फेरीला कचऱ्याची गाडी ढकलत मी तुमच्या घरापाशी आले, तर दारात बादली ठेवलेली होती, आणि ती मिसळलेली होती, ओलं-सुकं एकत्र. तुमच्या दारात. वर झेंडूच्या माळा, खाली कागदी पेले, मधे प्लॅस्टिकचे डबे आणि त्यांत कुणीतरी आणलेला, अर्धवट खाल्लेला उपमा. एका कडेने तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं वर आली होती. मी तिथेच उभी राहिले. रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, मला तुमचा राग आला. जायचंच होतं तर निदान हा शुक्रवार उलटू द्यायचा होता.

शुक्रवार म्हणजे वॉर्ड ऑफिसचे इंजिनीअर येणार तो दिवस. आपल्या गल्लीच्या टोकाची ती तिकोनी पडीक जागा, जिच्यासाठी तुम्ही ऑफिसात खेटे घालून घालून चपला झिजवल्यात, तिचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. कुणीतरी तक्रार केली होती की तिथल्या आपल्या खताच्या हौदांना वास येतो, माश्या होतात, आणि ओल्या कचऱ्यात काहीही टाकलं जातं. तक्रार खरी निघाली तर हौद पाडून जागेला कुंपण घालणार, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दहा वाजता येऊन ते हौद बघणार होते आणि त्याआधी दारादारातल्या बादल्यासुद्धा. म्हणजे ती बादली त्यांच्या डोळ्यांसमोर असणार होती, ज्या बाईच्या नावावर ती जागा मिळाली तिच्याच दारात.

तुमची माझी ओळखसुद्धा बादलीवरूनच झाली, आठवतं? पुण्याहून बंगळुरूला, जे. पी. नगरला येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. खोकी उघडायची होती, गॅस मिळाला नव्हता, आणि सकाळी दार उघडलं तर माझी बादली भरलेली तशीच दारात, झाकण काढून बाजूला ठेवलेलं. समोरच्या घराच्या फाटकात तुम्ही उभ्या. कॉटनची इरकल, हातात रबरी मोजे. तुम्ही मला नाव विचारलं नाहीत, कुठून आलीस विचारलं नाहीत. बोटाच्या चिमटीत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा धरून मला दाखवलात.

"हे ओल्यात सापडलं बघ. कोपरा पूर्ण कापायचा नाही. लोंबता ठेवायचा. एवढंसं असतंय ते, चाळणीतनं पण जातंय, आणि मग मातीतच राहतंय."

मी म्हटलं, "अहो, पण एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?"

"एवढासा आहे म्हणूनच," तुम्ही म्हणालात आणि आत गेलात. मी ह्यांना सांगितलं की समोर एक खडूस बाई राहते. दुपारी बेल वाजली. तुम्ही कढीपत्त्याची जुडी घेऊन आला होतात, माळेच्या दोऱ्याने बांधलेली. कोपऱ्याविषयी चकार शब्द नाही. पुढे कळलं की ही तुमची रीतच होती. सकाळी माणसाला घालून पाडून बोलायचं आणि दुपारी कढीपत्ता द्यायचा.

तो दोरासुद्धा तुमच्या कायद्यातला. पूजेच्या माळा हौदात टाकायच्या, पण दोरा ओढून काढायचा, कारण तो खत उलथताना दाताळ्याला गुंडाळतो. मग ते दोरे तुम्ही धुऊन वाळवून डब्यात ठेवायचात आणि त्यांनीच जुड्या बांधायचात. ओला कचरा रोज आपल्या गाडीत. सुका ठरलेल्या दिवशी पालिकेच्या गाडीला. डायपर, पॅड वगैरे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं. आणि ज्या घरची बादली मिसळलेली, ती उचलायची नाही. झाकण काढायचं आणि दारातच ठेवायची. ह्यात दया नाही, माया नाही, शेजारधर्म नाही. आपण चौघी पाळीपाळीने गाडी ढकलायचो, पण त्या झाकणाला हात घालायचं धाडस फक्त तुमच्यात होतं. आम्ही तिघी रस्त्याच्या पलीकडच्या झाडाकडे बघत राहायचो.

आपलं खरं भांडण ऋतूवरून झालं. नागपूरची पोर, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी. सिझेरियन झालेलं, नवरा कंपनीच्या कामाला परदेशी, आई आलेली ती पण गुडघ्यांनी अधू. तिच्या ओल्या कचऱ्यात डायपर सापडले आणि तुम्ही बादली दारात ठेवलीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जिन्यातून येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून बघत होते. मी संध्याकाळी वर गेले तर ती पोर बाळाला मांडीवर घेऊन रडत होती. "काकू, मी काय मुद्दाम करून राहिले का?" म्हणाली. मी ती बादली खाली आणली, तुमच्या फाटकासमोर पेपर पसरला आणि माझ्या हातांनी सगळं निवडलं. तुम्हाला दिसावं म्हणूनच तिथे बसले होते. हे मी आजही लपवणार नाही, आणि मी चूक केली असं आजही मला वाटत नाही.

तुम्ही बाहेर आलात. "काय करूलालीस गं?"

"निवडतेय."

"तू चांगली दिसलीस. पण ती काय शिकली?"

"प्रत्येक वेळी शिकवायलाच पाहिजे का अक्का? बाळंतीण आहे ती."

"आज बाळंतीण. उद्या कुणाचं लग्न. परवा कोण मेलं म्हणून. घराघरात कारण असतंय की." तुमचा आवाज चढला होता. "आणि आपण नाही निवडलं तर कोण निवडतंय? पुढं एक बाई बसलेली असतीय, तिचं बाळ पण तिथंच बाजूला असतंय. तिच्या हातात जातंय ते. दुसऱ्याच्या घाणीत कुणाला हात घालायला लावायचा नाही. एवढंच आहे माझं."

हे तुमचं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळत होतं, म्हणून मी जास्त चिडले आणि ते वाक्य बोलले. "ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा माझ्या बादलीत तुम्ही हात घातला होतात ना? मग माझी कशी चालली?"

त्या वेळची गोष्ट. दवाखान्यात मला कन्नड येत नव्हतं, काउंटरवरची मुलगी घाईत होती, आणि तुम्ही पदर खोचून तिच्यासमोर उभ्या राहिलात. डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं मला मराठीत, सावकाश, दोनदा सांगितलंत. घाबरवलं नाहीत आणि खोटा धीरही दिला नाहीत. घरी परतले तर माझी बादली धुऊन उपडी घातलेली. "गोळ्यांची पाकिटं ओल्यात होती. काढली," एवढंच म्हणालात. त्या दिवशी मला तुमच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. पडले नाही. तुम्हाला आवडलं नसतं असं मीच ठरवून टाकलं.

तर मी ते उकरून काढलं. मग म्हणालात, "तुझी गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

फाटक लावून आत गेलात. त्यानंतर आपण बोललो, नाही असं नाही. तुम्ही कढीपत्ता आणलात, मी शेवयांची खीर पाठवली, पालिकेला एकत्र शिव्या घातल्या. पण ते तसंच राहिलं. ऋतूच्या दारात तुम्ही पुढे कधी बादली ठेवली नाहीत, कारण ती मुलगी इतकी धसकली की केळ्याची सालं धुऊन टाकायला लागली. तुम्ही म्हणायचात, बघ, शिकली की. मी म्हणायचे, भ्याली. ह्यावर आपलं कधीही एकमत झालं नाही.

तक्रारीची बातमी आली त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसलात. श्वास लागत होता. मी विचारलं तर म्हणालात की उन्हातून आले म्हणून. ऊन कुठे होतं अक्का, ढग होते. मग एकदम म्हणालात, "माझ्यामागं तू बघशील काय हे?"

मी म्हटलं, "मला तुमचा हा पोलिसी कारभार जमणार नाही. मी लोकांच्या बादल्या दारात ठेवणार नाही."

"नको ठेवू. मग कशी करतीस ते तरी सांग."

"विचार करून सांगते."

"स्वल्प लवकर सांग," म्हणालात आणि हसलात. मी काही सांगितलं नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या पद्धतीला नावं ठेवणं सोपं होतं. सोमवारी पहाटे तुम्ही झोपेतच गेलात.

आणि आता शुक्रवारची सकाळ, ती बादली, आणि मी. साडेआठ वाजत आले होते. कोपऱ्यावरच्या घराच्या गॅलरीत ते गृहस्थ मोबाइल हातात घेऊन उभे होते, ज्यांनी तक्रार केली असं सगळेच म्हणत होते. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. झाकण काढून बादली तिथेच ठेवायची, म्हणजे तुमचा कायदा तुमच्यावरच चालवायचा, तेही सुतकात. किंवा गुपचूप उचलून पुढे न्यायची, म्हणजे हौदात नेमकं ते जाणार ज्याची तक्रार होती. किंवा मीच पेपर पसरून बसायचं, ऋतूच्या वेळी बसले तशी. तिन्ही वाटांवर तुम्ही उभ्या होतात आणि मला टोमणा मारत होतात. "कोण मेलं म्हणून," हे तुमचे शब्द माझ्या कानातून जाईनात.

मी बेल वाजवली. असं आपण कधी केलंच नव्हतं अक्का. इतक्या वर्षांत बादलीसाठी आपण कुणाची बेल वाजवली नव्हती. झाकण बोलायचं आणि आपण पुढे जायचो.

तुमच्या महेशने दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत तुमची सून फोनवर कुणाला तरी दिवसांचं सांगत होती. मी म्हटलं, "महेश, बादली मिसळलेली आहे रे. आज ऑफिसचे लोक येणारेत."

"वर्षाताई, आज? आज तुम्हाला कचरा दिसतोय?"

"हो."

"आईला जाऊन चार दिवस झालेत."

"माहीत आहे मला."

"नाही, तुम्हाला माहीत नाही." तो बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं. "मी पुण्याहून फोन करायचो, तर ही म्हणायची, ठेव रे, गाडी आली. ठेव रे, पाला आणायचाय. रविवारी दुपारी पण तेच. म्हणाली, शुक्रवारी ते लोक यायचेत, हौद उलथून घ्यायचाय, मग निवांत बोलू. छातीत दुखतंय हे मला तिने सांगितलं नाही. दाताळं घेऊन हौदात वाकली असेल. पाडू दे त्यांना तो हौद. मी स्वतः त्यांना सांगतो, पाडा."

रविवारी संध्याकाळी तुम्हाला तिथे वाकलेलं मी पाहिलं होतं. "राहू द्या, उद्या मी करते," असं मी दोनदा म्हणाले होते आणि तुम्ही ऐकलं नव्हतंत. त्या पोराचा राग रास्त होता. खरं सांगायचं तर तो माझाही होता. मी फक्त म्हटलं, "मी तुझ्या आईशी ह्याच बादलीवरून भांडलेय. महिनोन्महिने. आणि ते भांडण मला अजून संपवायचंय. तू बस माझ्याबरोबर. मी एकटीने केलं तर ती म्हणेल, वर्षा चांगली दिसली."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. बराच वेळ तो फाटकाची कडी वरखाली करत होता. मग आत जाऊन जुने पेपर घेऊन आला. आम्ही तुमच्या पायरीवर बसलो, सगळ्या गल्लीसमोर, आणि बादली पालथी केली.

डबे एका बाजूला, पेले एका बाजूला, पाकिटं वेगळी. तुमच्या गोळ्यांची पाकिटं हातात घेताना मला पहिल्यांदा रडू आलं. त्या क्षणी मला कळलं अक्का, माझी गोष्ट का वेगळी होती ते. तुमच्या बादलीत हात घालताना मला जराही किळस आली नाही, कमीपणा वाटला नाही, नियमही आठवला नाही. एवढंच सांगायचं होतं ना तुम्हाला? मग सांगायचं की. मी काय हसणार होते का?

महेशने माळ उचलली. मी सांगायला तोंड उघडणार, तर त्याने गाठ दाताने तोडली, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि दोरा सरळ ओढून घेतला. फुलं सगळी पेपरवर. दुसरी माळ तशीच. तिसरी तशीच. "लहानपणी निपाणीला शनिवारी देव्हारा आवरायचं काम माझ्याकडे असायचं," तो म्हणाला. "दोरा तुटला की आई परत करायला लावायची." हे म्हणताना तो रडत होता आणि हात थांबत नव्हते. दोरे त्याने खिशात ठेवले.

इंजिनीअर आले ते दहाच्या जरा पुढेच. तरुण होते, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. गॅलरीतले गृहस्थ खाली उतरून आले आणि कन्नडमधून भरभर सांगू लागले. मला निम्मं कळलं, निम्मं त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. इंजिनीअरनी हौदाचं झाकण उघडायला सांगितलं. ताज्या हौदात वर तुमच्याच माळांची फुलं होती, त्यावर वाळका पाला, कडेला वास मरावा म्हणून आंबट ताक शिंपडल्याचे डाग. त्यांनी काठीने खालीवर केलं. वाकून वास घेतला. मग जुन्या हौदापाशी गेले आणि मूठभर खत हातावर घेऊन बोटाने पसरलं. मला माहीत होतं ते काय शोधत होते. तोच एवढासा तुकडा, पांढरा नाहीतर निळा. मीही त्यांच्या तळहातावर तेच शोधत होते. तुम्ही तिथे असतात तर पहिल्यांदा तुम्हालाच दिसला असता. पण नव्हता.

"वासने इल्ला," वास नाही, असं ते गृहस्थांना म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हिंदीत, "माश्यांसाठी जाळी लावा मॅडम. दोन महिन्यांनी मी परत येतो." गृहस्थ काही बोलू लागले तसा त्यांनी हात वर केला. मग फोनमध्ये काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "यारु नोड्कोळ्तारे ईग?" आता कोण बघणार.

महेश माझ्या मागे उभा होता. पलीकडे ऋतू, बाळाला कडेवर घेऊन. त्या तिकोनी जागेत तुमचं दाताळं भिंतीला टेकवलेलं होतं. मला वाटलं ह्यांना पुष्कळ काही सांगावं, पण माझं कन्नड तुम्हाला ठाऊकच आहे.

"नानु," मी म्हटलं. मी.

"सरी," म्हणजे ठीक, असं ते म्हणाले आणि स्कूटर सुरू करून गेले. हौद पाडा असं महेशने कुणाला म्हटलं नाही. त्याचा राग गेलाय असं मला वाटत नाही, आणि तो लगेच जावा असंही मला वाटत नाही.

तुम्हाला हे सगळं सांगायला मला दुसरी जागा नाही म्हणून इथे लिहितेय. तुम्ही विचारलं होतंत, मग कशी करतीस ते सांग. उशिरा सांगतेय अक्का, पण ऐका. बादली ठेवायची नाही, उचलायचीही नाही. बेल वाजवायची आणि बरोबर बसायचं. वेळ लागतो. शिव्या खाव्या लागतात. तुम्ही म्हणाला असतात, एवढा वेळ कुणाकडं आहे गं, आणि आपण पुन्हा भांडलो असतो. ते भांडण मला हवं होतं.

काल फेरीची पाळी ऋतूची होती. तुमच्या जागी ती यायला लागलीय, आपण होऊन. मी आत पाहुण्यांचे कप विसळत होते. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचा चहा सध्या माझ्याकडेच होतो, रोज सकाळपासून दुधाच्या पिशव्यांवर पिशव्या फुटतायत. बेल वाजली. दारात ऋतू, एका हातात माझी बादली. दुसरा हात तिने माझ्यापुढे उघडला. तळहातावर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा होता.

"काकू, हे ओल्यात होतं," ती हळूच म्हणाली. मग मला वाईट वाटलं असेल असं समजून घाईघाईने, "अक्का असत्या ना, तर दारातच ठेवली असती बादली."

"ठेवली असती," मी म्हटलं. "आणि दुपारी कढीपत्ता घेऊन आल्या असत्या."

ती कोपरा सुक्याच्या पिशवीत टाकून, गाडी घेऊन पुढे गेली. मी कप विसळले, भात टाकला, ह्यांना वाढलं. दार मात्र लावलं नाही. दुपार टळून गेली, तरी उघडंच ठेवलं होतं.